लाल बर्फ

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी पुतण्याचे लग्न झाले. शेवटची पंगत उठली होती, खळ्यातल्या मांडवाखाली माणसे पंख्याकडे तोंडे करून बसली होती, आणि मी रिकामी पातेली ठेवायला मागच्या मांगराकडे, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटाकडे, गेले. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर क्षणभर काही दिसेना. मग नारळांच्या राशीला टेकून बसलेले काका दिसले. अंगात लग्नासाठी शिवलेला पांढरा सदरा, खांद्यावर पंचा आणि हातात काळ्या शीतपेयाने काठोकाठ भरलेला कागदी पेला. काकांचे वय 76 आणि मधुमेह जुना. मला पाहून ते दचकतील, पेला पाठीमागे नेतील, असे मला वाटले होते. त्यांनी तसे काही केले नाही. माझ्याकडे पाहत त्यांनी दोन घोट घेतले, डोळे मिटून तिसरा घेतला, आणि पेला शेजारच्या पाटीवर ठेवून म्हणाले, “पाणी पिऊन पिऊन कंटाळलंय गो.”

मी पातेली ठेवली आणि काही न बोलता परत आले.

ही गोष्ट मी काकीला सांगितली नाही आणि चुलत भावालाही सांगितली नाही. पण त्या रात्री लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, आडवी पडले तेव्हा ते वाक्य कानातून जाईना. काकांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद आहे. डॉक्टरांनी सांगितलेली पथ्ये भावाने त्यावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली आहेत. डावीकडे ‘वर्ज्य’ असे लिहून खाली मोठी यादी आहे, तीत शीतपेये, सरबते, फळांचे रस, उसाचा रस, साखरेचा चहा असे सगळे आले आहे. उजवीकडे ‘प्यावे’ असे लिहून खाली एकच शब्द आहे, ‘पाणी’. तो कागद मी कितीतरी वेळा पाहिला होता आणि दर वेळी मला तो योग्यच वाटला होता. त्या रात्री प्रथमच जाणवले, की आम्ही या माणसाकडून एकेक वस्तू काढून घेत गेलो आणि तिच्या जागी त्याच्या हातात काही ठेवले नाही. मे महिन्यातल्या कोकणातल्या दुपारी, जेव्हा घाम सुकतच नाही आणि वारा खारट लागतो, तेव्हा तांब्यातल्या पाण्याने तहान भागते. पण जिभेला काहीतरी झाले पाहिजे, ही आपली आणखी एक मागणी असते, आणि तिला त्या कागदावर जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडव सोडवण्याची गडबड चालू असताना, मी काकांना विचारले की त्या पेयात तुम्हाला एवढे काय आवडते. ‘गोड लागते’ हे उत्तर मी धरूनच चालले होते. काकांनी सुपारी कातरता कातरता बराच विचार केला. “गोड नको गो माका. ता जिभेक चावता ना, ता होया.”

हे उत्तर ऐकून मला माझे लहानपण आठवले. आमच्याकडे पाहुणा आला की आधी गूळ-पाणी पुढे येई. सुपारीएवढा गुळाचा खडा आणि कळशीतले पाणी. पाहुणा घाटी चढून-उतरून आलेला असे, तो खडा त्याच्या अंगात जिरून जाई. पण मुंबईचा पाहुणा आला की गूळ-पाण्याने भागत नसे. मग मला तिठ्यावरच्या दुकानात पिटाळत. 1977 मध्ये कोका-कोला देशातून गेले तेव्हा मी नुकती शाळेत जाऊ लागले होते. आमच्या गावाला त्याचे सुखदुःख काही कळले नाही, कारण आमच्या दुकानात तेव्हा नारिंगी रंगाचे गोल्ड स्पॉटच येत असे. काचेच्या बाटल्या अनामत ठेवून आणायच्या, बादलीत घालून राहाटाने विहिरीत सोडायच्या आणि तासाभराने वर काढायच्या. बाटल्यांवर जमलेले पाणी बोटाने पुसले की काच निळसर दिसे. पाहुण्याच्या बाटलीत तळाशी जे बोटभर उरे ते आम्हा तिघा भावंडांचे. तोपर्यंत ते गरम झालेले असे आणि त्यातला वायू उडून गेलेला असे. ते नुसते पाकासारखे गुळमट लागे, आणि माझा धाकटा भाऊ तर तोंड वाकडे करून ते पेरूच्या मुळात ओतून टाकी. म्हणजे तेव्हाही आम्हाला हवे होते ते दुसरेच काही होते. थंडगार बाटलीचे बूच निघताना होणारा तो फस्स आवाज, नाकात चढणारा पहिला घोट आणि डोळ्यांत आलेले पाणी, हे पाहुण्याच्या वाट्याला गेलेले असे.

आता कळते, की त्या गरम बाटलीने आम्हाला खरी गोष्ट सांगितली होती. थंडीने जिभेची गोडीची जाण मंदावते आणि आंबटपणा गोडीला झाकतो. म्हणून बर्फासारखे गार आणि आम्लयुक्त पेय गोड लागावे यासाठी त्यात साखर भरमसाट घालावी लागते. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेले असतेच. नेहमीच्या कोलाच्या 100 मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे 300 मिलिलिटरच्या एका बाटलीत 32 ग्रॅमच्या आसपास. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी काकीच्या स्वयंपाकघरात चहाच्या चमच्याने आठ चमचे साखर मोजून एका फुलपात्रात घातली आणि ते फुलपात्र ओट्यावर ठेवले. काकी येता-जाता त्याकडे पाहत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मोठ्या माणसाची दिवसाची इष्ट मर्यादा सुमारे 25 ग्रॅमची आहे, आणि तीही मधुमेह नसलेल्या माणसांना धरून. ते फुलपात्र काकांना दाखवावे असे मी ठरवले होते. शेवटी दाखवले नाही. त्यांना ते ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? माणूस मांगरात जाऊन पितो तेव्हा त्याला सगळे ठाऊक असते.

मला सुट्टीचे अजून पंधरा दिवस होते. जिभेला चावणारे, पण साखर नसलेले काहीतरी काकांसाठी शोधायचे, असे मी मनाशी ठरवले.

पहिला उपाय सर्वांना सुचेल तोच होता. कुडाळहून येताना भावाने साखरविरहित कोलाचे चार डबे आणले. काकांनी लहान मुलाच्या उत्सुकतेने डबा उघडला, घोट घेतला, जीभ टाळूला लावून थांबले आणि म्हणाले, “मागसून कडू लागता.” ते खरेच होते. अशा डब्यांत साखरेऐवजी कृत्रिम गोडवे घालतात. अॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट आणि सुक्रालोज सुमारे 600 पट गोड, त्यामुळे डब्याला चिमूटभरही लागत नाही. पण 32 ग्रॅम साखरेने पाण्याला जो जडपणा येतो तो त्या चिमटीने येत नाही. घोट पातळ लागतो, गोडी उशिरा येते आणि घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळत राहते. त्यातून अॅस्पार्टेम उष्णतेने आणि काळाने विघटन पावते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार आठवडे पडून राहिलेला डबा आणि कारखान्यातून नुकता निघालेला डबा यांची चव सारखी कशी असेल? पुतण्याने लगेच फोनवर आलेला संदेश वाचून दाखवला, की अॅस्पार्टेमने कर्करोग होतो. त्याला मी नीट समजावले. 2023 च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले हे खरे आहे. पण त्याच वेळी अन्नातल्या रसायनांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, आणि 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला 9 ते 14 डबे प्यावे लागतील. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांचा आधार घेऊ नये असा सल्ला त्याच संघटनेने दिला होता. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तिने त्या सल्ल्यातून वगळले होते. तेव्हा काकांनी लग्नसमारंभात एखादा डबा घेतला तर मला त्याची भीती वाटत नाही. पण ज्याची चव माणसाला ‘मागसून कडू’ लागते, ते त्याच्या हाती रोज द्यायचे म्हणजे पुन्हा पथ्यच झाले.

दुसरा उपाय काकीने सुचवला, आणि तो मला जास्त अवघड गेला. “ता विकतचा कित्याक? घरचा अमृत कोकम दी तेंका.” घरचे म्हणजे निर्धोक, ही आपल्याकडची फार खोल समजूत आहे आणि तिच्यामागे माया आहे. पण अमृत कोकम कसे करतात हे काकीनेच मला शिकवले आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळे, फोडून, बिया काढून, सालींच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत थरावर थर लावायचे, साखर सालींच्या दुपटीच्या आसपास, आणि बरणी उन्हात ठेवून द्यायची. आठवड्याभरात साखर सालींचा रस ओढून घेते आणि गर्द लाल पाक सुटतो. त्या पाकाला मी लहानपणापासून जीव लावला आहे. त्याच्याविरुद्ध बोलताना घरच्याच माणसाविरुद्ध साक्ष दिल्यासारखे वाटले. तरी बोलले. चार चमचे पाक आणि पाणी घातलेला पेला काही बाटलीतल्या कोलापेक्षा फार निराळा नसतो. गुळाचे पन्हे किंवा मध घातलेले लिंबूपाणी यांचीही गत तीच, रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही सगळे आनंदलो होतो, आणि तो आनंद आजही आहे. पण महामार्गावरच्या दुकानांत त्या कोकमाच्या नावाने समोर मांडलेल्या बाटल्या पाकाच्याच असतात. आगळाची, म्हणजे नुसत्या खारवलेल्या कोकमरसाची, बाटली मागितली तर दुकानदार खाली वाकून मागच्या रांगेतून काढून देतो.

आगळ! काकीने ‘घरचा’ म्हटले तेव्हाच मला ते सुचायला हवे होते.

ज्यांनी रातांबे फोडलेले नाहीत त्यांना तो वास सांगणे अवघड आहे. आंबटसर, किंचित आंबलेला, ओल्या लाकडासारखा. एप्रिल-मे महिन्यांत आजी खळ्यात बसून विळीवर रातांबे फोडायची आणि आम्ही बिया वेगळ्या करायचो. त्या बियांवरचा पांढरा गोडसर गर चोखायला मिळायचा हीच आमची मजुरी. साली उन्हात घालायच्या, रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात घालायच्या, असे चार-पाच वेळा केले की सोले काळीशार होत. बिया पुढे तेलासाठी ठेवत, पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना तेच तेल. सगळी घाई मृगाच्या आत आटपायची असे, कारण एक वळीव आला तरी खळ्यातली सोले बुरसत. आणि उरलेल्या रसात मीठ घालून बरणीत भरले की ते आगळ. त्यात साखरेचा कणही नसे. आमचे हात तेव्हा आठवडाभर लाल असत. साबणाने धुवायला गेले की त्या लालाचा निळसर करडा रंग होई, आणि आम्ही घाबरून आजीकडे धावत जात असू. आंबटात लाल आणि क्षारात निळे, हा त्या रंगद्रव्याचा स्वभाव आहे हे मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेल्यावर कळले, आणि तेव्हा हातात लिटमसचा कागद असूनही डोळ्यांसमोर खळ्यातली मोरी आली होती.

याच सोलांचे आजी तिवळ करायची. कोमट पाण्यात सोले भिजत घालून कोळायची, मीठ, ठेचलेली हिरवी मिरची, चिमूटभर जिरे आणि वरून कोथिंबीर. नारळाचे दूध घातले की तीच सोलकढी, पण भर दुपारी शेतावरून आलेल्या माणसाला आजी तिवळच देई. पहिल्या घोटाला आंबट कानशिलापर्यंत जाई, मागून मिरची घशात उतरे आणि माणूस ‘हा’ करून श्वास सोडी. माझे आजोबा तो श्वास सोडताना डोळे मिटत. मांगरात काकांनी तिसऱ्या घोटाला डोळे मिटले होते ते अगदी तसेच.

सोड्याचे चावणे आणि मिरचीचे चावणे यांचे नाते मला फार उशिरा कळले. पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड जिभेवर आला की तिथले एक विकर (एन्झाइम) त्याचे आम्ल बनवते, आणि ते आम्ल चेहऱ्याच्या ज्या मज्जातंतूला टोचते त्याच मज्जातंतूवाटे मिरचीची आगही मेंदूकडे जाते. बुडबुडे फुटताना गुदगुल्या होतात हे खरे असले, तरी खरा चावा आम्लाचा असतो. म्हणजे काका ज्याच्यासाठी मांगरात जाऊन बसले होते ते त्यांच्या आईच्या तिवळात होतेच. फक्त त्याला बर्फ आणि फेस नव्हता.

मग आम्ही कामाला लागलो. वेंगुर्ल्याच्या बाजारातून साध्या सोड्याच्या बाटल्या आणल्या. घेताना पाठीमागची अक्षरे वाचली, कारण तशाच दिसणाऱ्या टॉनिक वॉटरमध्ये साखर असते, आणि लिंबाच्या गोटी सोड्यात दुकानदार साखर घालतो की नाही हे विचारूनच घ्यावे लागते. गोटी सोड्यासाठी काका स्वतः बरोबर आले. ती बाटली इंग्लंडमधल्या हायरम कॉड नावाच्या माणसाने 1870 च्या दशकात घडवली. आतल्या वायूचाच दाब गोटीला रबराच्या कड्यावर घट्ट बसवतो, आणि ओतताना ती परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत दोन खोबणी ठेवलेल्या असतात. काकांना हे सगळे मुळीच ऐकायचे नव्हते. त्यांना अंगठ्याने गोटी दाबायची होती. दाबली, तो टणत्कार झाला, आणि बाजारात उभ्या उभ्या त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते लग्नाच्या एकाही फोटोत नाही.

घरी पहिल्या प्रयोगात मी चूक केली. सोडा आधी ओतला आणि त्यावर आगळ घातले. पेल्यातून गुलाबी फेस उसळून ओट्यावर, ओट्यावरून काकीच्या स्वच्छ फरशीवर आला. मिठाने आणि गराच्या कणांनी वायू एकदम सुटतो, आणि एकदा सुटला की चावा गेला. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी तळाला दोन चमचे आगळ, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि देठाकडून उभी चिरलेली अर्धी मिरची, मग बर्फ, आणि मग पेला तिरका धरून त्याच्या अंगावरून सावकाश गार सोडा. वर पातळ, जांभळटसर फेसाची कड आली, खाली रातांब्याचा लाल रंग आणि त्यातून वर चढणारे बारीक बुडबुडे. काकांनी पेला उजेडासमोर धरला. घोट घेतला. थांबले. माझे आणि काकीचे श्वास अडकले होते. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “चावता.”

त्यानंतरचे दिवस फार आनंदात गेले, हे मला मोकळेपणाने लिहायला हवे. मीठ मात्र मला सलत होते. काका रक्तदाबाचीही गोळी घेतात, आणि आगळ टिकते ते मिठाच्या जोरावरच. दिवसातून दोन पेले म्हणजे एक दुखणे टाळून दुसऱ्याला बोलावणे. तेव्हा काकीने आणि मी परसातल्या झाडाचे शेवटचे रातांबे काढले, साली कोळून मीठ न घालता रस काढला, आणि तो बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी माणकाच्या रंगाचे चौकोन निघाले. पेल्यात दोन लाल तुकडे आणि वरून सोडा, मीठ लागलेच तर बोटाच्या टोकावर मावेल इतके. तुकडे विरघळत जातील तसा पेला फिक्या गुलाबीवरून लाल होत जातो आणि शेवटचा घोट पहिल्यापेक्षा आंबट लागतो. काका शेवटच्या घोटाची वाट पाहू लागले.

बाकीचेही बरेच काही करून पाहिले. कैरी निखाऱ्यावर भाजून, गूळ न घालता, नुसत्या मिरपुडीचे पन्हे केले. ते मला फार आवडले, काकांना नाही. सायीचे ताक घुसळून पातळ केले, त्याला आले आणि कढीलिंब ठेचून लावला. ते जेवणानंतर दोघांनाही चालले, पण चार वाजता ताक नको असते. वाळ्याची जुडी माठात सोडली. त्या पाण्याला चावा नव्हता, पण ओल्या मातीच्या वासाने काकांना त्यांच्या वडिलांची आठवण झाली आणि ते बराच वेळ त्यांच्याविषयी बोलत बसले. ज्याने तहानेबरोबर तोंडातले शब्दही मोकळे होतात त्याला पेय म्हणून वगळायला मी तयार नाही. शहाळ्याचा प्रश्न नाजूक होता, कारण दारात माड असताना ते नाकारणे जड जाते. त्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरला तीनेक ग्रॅम साखर असते. ती थोडी आहे, पण आहे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर त्यातले पोटॅशियमही विचारात घ्यावे लागते. डॉक्टरांना विचारून आठवड्यातून एक ठरले. एवढे आंबट दातांवर रोज ओतणे बरे नाही, म्हणून काकांनी ते घुटक्या-घुटक्याने तासभर न पिता जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत संपवावे आणि वर साध्या पाण्याने चूळ भरावी, हेही आम्ही ठरवले. कोकमाने रक्तातली साखर उतरते, चरबी झडते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तसे काही म्हणायचे नाही. या पेल्यात साखर नाही आणि तो काकांना आवडतो, एवढे मला पुरेसे होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी फ्रिजवरच्या त्या कागदाजवळ गेले. उजव्या बाजूला ‘पाणी’च्या खाली खूप मोकळी जागा होती. तिथे मी लाल बर्फ आणि सोडा, तिवळ, ताक, भाजक्या कैरीचे पाणी, वाळ्याचे पाणी असे लिहिले, आणि पुढे मीठ किती ते. काकीला लिहिता-वाचता चांगले येते, तरी मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवले. काका लोट्यावरून ऐकत होते.

मांगरात जाऊन मी पाहिले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पाहिले. नारळांच्या राशीमागे चुरगळलेले दोन कागदी पेले होते, एक लग्नाच्या दिवसाचा असावा, दुसरा कोणत्या दिवसाचा ते सांगता येणार नाही. मी ते उचलून लग्नातल्या बाकी कचऱ्यात टाकले. मनात राग आला नाही. थोडे वाईट वाटले, आणि वाईट कशाचे वाटले ते अजून मला नीट सांगता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईहून येताना माझ्यासाठी हमखास काहीतरी आणणारा हा माणूस, आपल्याच मांगरात, आपल्याच नारळांच्या आडोशाला.

जुलै अर्धा उलटला तेव्हा काकीचा फोन आला. बाहेर पाऊस धो धो कोसळत असावा, तिचा आवाज तुटत येत होता. “लाल बर्फ संपलो गो. आता सोलां भिजत घालू?” मी तिला सांगितले, की एका पेल्याला तीन-चार सोले, कोमट पाण्यात अर्धा तास, मग कोळून गाळून घ्यायचे, आणि सोलांना मीठ लागलेले असते म्हणून वरून अजिबात घालायचे नाही. तिने प्रत्येक गोष्ट पुन्हा मोठ्याने म्हटली, बहुधा लिहून घेत होती. पावसाळ्यातही सोडा लागतो का, असे मी विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, की दुकानदार आता दर शनिवारी न विचारता सहा बाटल्या घरी पाठवून देतो. मी फोन ठेवणार इतक्यात लोट्यावरून काकांचा आवाज आला.

“मिरची जरा जास्त घालूक सांग.”